तिच्या श्वासांच्या जागा

३ नोव्हेंबर
लूकांगला पोचलो. समुद्रावरचा वारा असा, की उतरताच टोपी उडाली. समुद्रदेवी माझूच्या देवळामागच्या खोलीत माझं नवं काम: गावातल्या म्हाताऱ्यांच्या आठवणींचा पॉडकास्ट नीट करून द्यायचा. देवळाचा कारभार श्यू-मावशींकडे आहे. आल्या आल्या त्यांनी शेवयांचं दाट सूप पुढ्यात ठेवलं आणि म्हणाल्या, तू वाळका आहेस तो आहेसच, आमचे आवाज तरी भरदार कर. हसलो. बायको गेल्यापासून बहुधा पहिल्यांदाच.

५ नोव्हेंबर
सॉफ्टवेअर ठरत नाही. एक फुकट आणि साधं आहे. दुसरं सुरेख, पण दरमहा भाड्याचं. तिसरं आधीचा संपादक या मशीनवर ठेवून गेलाय, सोबत प्लगिनांचा ढीग: कुठलं खरखर काढतं, कुठलं श्वास काढतं, कुठलं घुमारा देतं. मावशींनी विचारलं, लग्न करताना एवढा विचार केला होतास का? देवीला विचार आणि मोकळा हो. पटलं. आम्हा खेड्यातल्या माणसांना निवड म्हटली की देव आठवतोच.

६ नोव्हेंबर
कौल लावला. नाव, गाव, वय एकोणपन्नास, सगळं सांगितलं. चंद्रकोरीसारखी दोन लाकडं टाकायची. दोन्ही उताणी पडली तर देवी हसते, म्हणजे उत्तर देत नाही. एक उताणं, एक पालथं म्हणजे होकार. पहिल्या दोन नावांना ती हसली. तिसऱ्याला सलग तीनदा होकार. मावशी खूश. त्यांना सांगितलं नाही, की मनात पॉडकास्टचं विचारलंच नव्हतं. युए-चिनचा, माझ्या गेलेल्या बायकोचा, आवाज कशातून परत येईल, असं विचारलं होतं.

९ नोव्हेंबर
फोनमध्ये तिचं एकच ध्वनिमुद्रण आहे. दवाखान्यातलं. पंखा घरघरतोय, त्याखाली ती मुळ्याचं लोणचं कसं मुरवायचं ते सांगतेय. आज प्लगिनने पंखा काढला. ती उरली, जणू टेबलापलीकडे बसलीय. मग श्वासही काढले. शेवटच्या दिवसांतली ती धाप मला ऐकवत नसे. जुन्याच फाइलवर जतन केलं. आता आजारी वाटत नाही.

१२ नोव्हेंबर
मावशींच्या ध्वनिमुद्रणात, त्यांच्या दोन वाक्यांच्या मधे, युए-चिन बोलली. वाटलं, चुकून फाइल जोडली गेली. पण तिने मावशींच्या सुपाला नावं ठेवली, मिरी अगदीच कमी म्हणाली. दवाखान्यात हे बोलली नव्हती. देवीपुढे उदबत्ती लावून खूप रडलो. मावशींना ऐकवलं. त्यांना स्वतःचाच आवाज ऐकू आला. म्हणाल्या, जेवून घे, बाबा.

१४ नोव्हेंबर
बोलतेय. तिची आई, बाजार, माझे फाटके मोजे. मशीन बंद केलं तरी भिंतीतून. थांबत नाही.

१५ नोव्हेंबर
थांबायला जागाच नाही तिला. मीच काढली. मधेच मला म्हणाली, आ-सिंग, श्वास घेऊ दे रे — आणि तशीच पुढे, शब्दावर शब्द, आवाज फाटतोय —

१६ नोव्हेंबर
मूळ फाइल कुठेच नाही. मावशींना सगळं सांगितलं. म्हणाल्या, पुसून टाक, सोड तिला. कौल लावला. पुसू का? तीनदा होकार.
पुसलं तर तिचं काहीच — माझ्याकडे एवढंच आहे.
नाही पुसलं.

१७ नोव्हेंबर
श्वास घालताही येतो. कुणाचाही. माइक उघडून माझा एक श्वास घेतला, तिच्या दोन शब्दांमधे ठेवला.
थांबली. किती शांत थांबली.
मग म्हणाली, अजून.

१८ नोव्हेंबर
ठेवलेला श्वास परत मिळत नाही. जिना चढवत नाही. मावशी दार वाजवतायत, हाका मारतायत. ओ देण्याएवढा श्वास आहे, पण — तो तिला लागेल.

१९
आता सावकाश बोलते. पूर्वीसारखी. म्हणते, पुरे रे, वेड्या. तुझे नकोत. पुसून टाक मला.
नाही —
थोड्याच जागा उरल्यात —

शेवटची जागा. माझा उरलेला श्वास इथे ठेवला की तिचं वाक्य