उशीचा अभ्रा

साजगाव, ६ जानेवारी २०२५

ती. वनिताताईस सा. नमस्कार, खोकत खोकत का होईना, वि. वि.

चाळीच्या भिंती पातळ. फोनवर बोललो की माझा टीबी सगळ्यांना कळेल, म्हणून हे पत्र तुमच्या गावच्या रोहिदासच्या टेंपोतून पाठवतोय. गोळ्या सुरू केल्या आणि लघवी लालभडक झाली गं. रक्तच असणार. परवापासून गोळ्या बंद केल्यात. घरी ये म्हणू नकोस, तुझी आरोही लहान आहे.

लोभ आहेच, भीतीही आहे.
निलेश

कशेळे, ८ जानेवारी

चि. निलेशला अ. उ. आ., आणि पाठीत एक धपाटा.

गोळ्या आजच सुरू कर. इथल्या आरोग्य केंद्रातल्या आशाताई म्हणाल्या, ते रक्त नाही, गोळीचाच रंग उतरतो. आई याच आजारात औषध अर्धवट सोडून गेली, विसरलास का रं? लहानपणी गोळी गिळायला तुला गूळ लागायचा, तोही पाठवलाय. तुला धुणं झेपायचं नाही. कपडे, अभ्रे रोहिदासकडे दे. आणि तिथं तुझ्याजवळ कोण असतं, ते खरं लिही.

काळजीनं अर्धी झालेली,
ताई

साजगाव, २० फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

गोळ्या रोज घेतो, तुझी शपथ. खोकला थांबलाय. इथं माझं झकास चाललंय. कंपनीतली पोरं खोलीवर जमतात, पत्ते होतात, हसून हसून पोट दुखतं. गूळ त्यांनीच फस्त केला. तू यायची काही गरज नाही. धुण्याचं गाठोडं सोबत आहे.

लोभ ठेव, काळजी सोड.
निलेश

कशेळे, २४ फेब्रुवारी

चि. निलेशला अ. उ. आ.

खरं सांगते, तुझ्या शपथेवर माझा विश्वास नव्हता. गाठोडं सोडलं तर उशीच्या अभ्र्यावर नारिंगी डाग, एकावर एक. घाबरून आशाताईंना दाखवला. त्या म्हणाल्या, अगं, गोळ्या नेमानं घेतोय तो. या औषधानं घामाला रंग येतो, डोळ्यांतल्या पाण्यालासुद्धा. घरी येऊन तुझे सदरे उलटेपालटे करून पाहिले. घामाचा एकही डाग नाही.

शपथ खरी केलीस रं. पत्ते आणि हसणं तेवढं खोटं. मग मीही चुलीपुढं बसून रडले.

डॉक्टरांना विचारलंय, आता माझ्या येण्याला हरकत नाही. आरोही सासूबाईंकडे राहील. रविवारी रोहिदासच्या टेंपोनं निघते.

उरलेला लोभ भेटीत.
ताई

ता. क. अभ्रा धुतलाय. माझी उशीही घेऊन येतेय.