नाव कोरलेला टेट्रापॉड सोडून बाकी सर्व

मी, तानाजी ज्योतिबा मेटकरी, वय बावीस, काम काँक्रीटचे, राहणार आटपाडी, जिल्हा सांगली, हे मृत्युपत्र आज रोजी स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. माझी तब्येत ठणठणीत आहे, डोके ठिकाणावर आहे, आणि कुणी दटावून किंवा फूस लावून माझ्याकडून हे लिहून घेतलेले नाही. मी रागात आहे हे खरे. पण राग आणि वेड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत ना, असे मी आप्पासो वकिलांना आधी विचारून घेतले. ते म्हणाले, "तुझ्या बाबतीत फरक कमी हाय. पण चालंल, लिही."

बाविसाव्या वर्षी मृत्युपत्र कशाला, याची कारणे दोन.

एक म्हणजे माझे काम बदलले आहे. कोकणात एका मासेमारी बंदरावर मी दीड वर्ष टेट्रापॉड बनवतो आहे. टेट्रापॉड म्हणजे माणसापेक्षा उंच, चार पायांचे काँक्रीटचे धूड. बंदराच्या बंधाऱ्याबाहेर असे शेकडो रचले की लाटा त्यांच्यावरच फुटतात आणि आत होड्या निवांत राहतात. आजवर मी ते साच्यात ओतत होतो. सोमवारपासून बंधाऱ्याच्या टोकाला उभा राहून, क्रेनला इशारे देऊन, ते समुद्रात लावणार आहे. तिथे पाय घसरला तर धरायला काही नसते.

दुसरे कारण आकाराम तात्या लेंगरे. मागच्या रविवारी आटपाडी स्टँडवर, वडापावच्या गाड्यासमोर, मी त्यांच्या मुलीचा हात मागितला. जागा चुकली असेल. पण तात्या चारचौघांत म्हणाले, "समुद्रात दगूड टाकणाऱ्याला पोरगी देऊ व्हय? तुझ्या नावावर हाय काय रं?"

तेव्हा माझा हात उचलला गेला. तो माझा मित्र धैर्यशील याने मागून धरला. तर तात्या, माझ्या नावावर काय आहे आणि माझ्यामागे ते कुणाकडे जाईल, ते खाली क्रमाने लिहितो.

कलम १. उजव्या कानाला खाच असलेल्या दोन मेंढ्या व त्यांची पुढची पिल्ले. दहावी झाल्यावर अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्या माझ्या म्हणून वेगळ्या काढल्या. त्या अण्णांना परत. मी कॉलेज सोडल्यावर अण्णा माझ्याशी वर्षभर बोलले नव्हते. दिवाळीला घरी आलो तेव्हा ओट्यावर बसून त्यांनी एकच विचारलं, "त्ये धूड लाटंनं वाहून कसं जात न्हाई?" मी म्हटलं, अण्णा, दुपारच्या उन्हात मेंढरं एकमेकांच्या पोटाखाली डोकी घालून उभी राहतात, तसंच. एकाचा पाय दुसऱ्याच्या फटीत. एकटा ठेवला तर लाट त्याला लोळवते, गुंतवला तर हलत नाही. अण्णांनी हातातली तंबाखू झटकली. मग आत बघून ओरडले, "आगं, पोरगं कामाचं बोलतंय, च्या टाक." म्हणून मेंढ्या अण्णांना.

कलम २. बँकेतली शिल्लक. ती आई बयाबाई हिला, पण अटीवर. आई तरुणपणी कितीतरी वर्षे मेंढरांमागे घाट उतरून कोकणात गेली, शेतात तळ देऊन राहिली, परंतु समुद्र तिने पाहिलेला नाही. मेंढरं दोन डोंगर अलीकडेच बसायची. तर या पैशातून जीप करून तिला आमच्या बंधाऱ्यावर न्यावे आणि खुर्ची टाकून बसवावे. "एवढं पाणी आन् आटपाडीला टँकर" असे ती म्हणेलच, ते म्हणू द्यावे. मी जिवंत राहिलो तर हे कलम मी स्वतःच उन्हाळ्याच्या आत पार पाडणार आहे.

कलम ३. माझी मोटरसायकल धैर्यशील पवार, राहणार आष्टा, याला. हा सांगलीच्या पॉलिटेक्निकमध्ये माझ्या खोलीवर होता. घरचा ऊस, त्यामुळे कशाची घाई नाही, आणि मोबाईल मात्र कायम हातात. याच्याबद्दल पुढे कलम ७ मध्ये राग व्यक्त केला आहे, तो कायम समजावा. त्याला साक्षीदार करायचे ठरले होते. पण आप्पासो म्हणाले, ज्याला काही मिळणार आहे त्याची साक्षीदार म्हणून सही घेऊ नये, उद्या कुणी शंका काढतं. धैर्यशील लगेच म्हणाला, "मग गड्या, मला गाडी पायजे. सही दुसऱ्या कुणाची तरी घे." म्हणून या कागदावर दुसऱ्या साक्षीदाराची जागा हे लिहीपर्यंत मोकळी आहे.

कलम ४. माझे नट आवळायचे पाने, हातमोजे आणि पितळी शिट्टी मुकादम अर्जुना यांना. इशाऱ्याच्या कामावर मला घ्यायला ते सहा महिने तयार नव्हते. म्हणायचे, "तुझं डोस्कं तापतं. आरिया म्हणताना आवाज चढला की क्रेनवाला बिचकतो, आन् खाली उभा असतो त्याचा जीव जातो." आरिया म्हणजे खाली सोड. मी यार्डच्या मागे जाऊन, समुद्राकडे तोंड करून, एका आवाजात आरिया म्हणायची सवय केली. क्रेनच्या दोरीला वजन लागलेले असताना मी चिडत नाही. मला काही झाले तर "रागाच्या भरात पडला असंल" असे कुणी बोलू नये. स्टँडवरची गोष्ट वेगळी.

कलम ५. मिनी ड्राफ्टर, म्हणजे नकाशे आखायचे साधन, आणि ड्रॉइंगच्या शीटा. आमच्या गल्लीतून पुढे जो मुलगा किंवा जी मुलगी सिव्हिलला जाईल त्यांना. दुसऱ्या वर्षात एका सरांनी भर वर्गात मला "मेंढरामागं जा" म्हटले, आणि मी ड्राफ्टर उचलून बाहेर पडलो तो कायमचाच. त्या सरांना मी माफ केलेले नाही. मृत्युपत्रात भांडणं लिहायची नसतात, असे आप्पासोंचे मत आहे. माझे मत वेगळे आहे.

कलम ६. आकाराम तात्या लेंगरे यांना या कागदाची एक झेरॉक्स.

कलम ७. वर लिहिले ते वगळून माझ्या नावावर आज जे आहे आणि पुढे जे होईल, ते बाकी सर्व समीक्षा आकाराम लेंगरे हिला. आज म्हणाल तर बाकीमध्ये एक ट्रंक, एक हेल्मेट आणि बरे दोन शर्ट येतात. पुढे बरेच होईल.

यातून एक टेट्रापॉड वगळला आहे. तो सरकारचा आहे, माझा नाही. त्याच्यावरचे नाव मात्र मी लिहिलेले आहे.

ते असे झाले. साचा भरला की वर राहिलेल्या पायाचे तोंड थापीने गुळगुळीत करतात. त्या दिवशी संध्याकाळी मी ते केले आणि हातात खिळा होता. समीक्षाचे नाव लिहिले. वाटले, सकाळी पुसू. सकाळी साचा सोडला तेव्हा नाव दगडात गेले होते. साहेब म्हणाले, ताकदीला काही होत नाही, पण पुन्हा केलंस तर घरी जाशील. नेमका धैर्यशील तेव्हा मासे खायला कोकणात आलेला. त्याने मला न विचारता फोटो काढून कॉलेजच्या ग्रुपवर टाकला, याचा मला राग आहे. तिथून तो आटपाडीला पोचायला चहा प्यायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही.

समीक्षा पोलीस भरतीची तयारी करते, पहाटे मैदानावर पळते. दोन बायकांनी तिला मैदानावरच फोटो दाखवला. तिने मला फोन केला. म्हणाली, "नाव माझं हाय ना? मग लिहायच्या आधी मला इचारायचं हुतंस." आणि ठेवला. तेव्हापासून फोन उचलत नाही.

तो टेट्रापॉड आता तयार झाला आहे आणि पुढच्या आठवड्यात मलाच लावायचा आहे. पट्टा कसा बांधतो त्यावर नाव कुणीकडे जाईल ते ठरते. समुद्राकडे करता येते, गावाकडे करता येते, किंवा तो पाय खालच्या फटीत घालता येतो. तर समीक्षा, या वेळी आधी विचारतो. तू सांगशील तसे. काहीच सांगितले नाहीस तर मी अर्जुनांना सांगून तो दुसऱ्याच्या हाताने लावून घेईन, आणि तुझ्या नावाला पुन्हा हात लावणार नाही.

एवढे लिहून मी सही करणार होतो.

पुरवणी, त्याच दिवशी, त्याच जागी. कलम ६ मधली झेरॉक्स काढायला धैर्यशीलला पाठवले होते. त्याने वाटेत कलम ७ चा फोटो काढून समीक्षाला पाठवला. त्याच्यावरचा राग निम्मा कमी करत आहे. ती आप्पासोंच्या ऑफिसात पळायचे बूट घालूनच आली, उभ्यानेच सगळे वाचले.

"हे बाकी सर्व खोड," ती म्हणाली.

मी म्हटलं, "का? ट्रंक चांगली हाय."

"मेल्यावर मिळणारं मला कायबी नको. खोड आदी."

मी कलम ७ मधील देणगी सर्वांसमक्ष आडवी रेघ मारून रद्द केली आहे. बाकी सर्व तूर्त माझ्याकडेच राहील.

मग तिने आप्पासोंना विचारलं, "आवं काका, आता मला यातलं काय मिळत न्हाई. मग साक्षीदार म्हणून सही चालती का?"

आप्पासो म्हणाले, "चालती की."

"मग पेन द्या." सही करताना माझ्याकडे न बघता म्हणाली, "नाव खाली घाल. फटीत. कुणाला दिसायचं न्हाई, आन् हलायचं बी न्हाई."

"आणि तात्यांचं काय?"

"आमच्या आबांचं मी बघते. ती झेरॉक्स इकडं दे."

सोमवारी कामावर हजर होत आहे. हा मूळ कागद आप्पासोंच्या कपाटात राहील. तो लवकर उघडावा लागू नये असा माझा पूर्ण इरादा आहे.

आटपाडी, दिनांक ८ नोव्हेंबर २०२४

लिहून ठेवणार:
तानाजी ज्योतिबा मेटकरी

साक्षीदार:
१. आप्पासो गायकवाड, वकील, आटपाडी
२. समीक्षा आकाराम लेंगरे, आटपाडी (या कागदावर फक्त साक्षीदार. दुसऱ्या कागदावरची सही तू जित्ता आल्यावर.)