भोरड्यांची हजेरी

अहो,

"एवढ्या लांबून येता, पण तुम्हाला बरा घराचा पत्ता सापडतो!" सकाळी खिडकीशी उभे राहून तुम्ही भोरड्यांवर करवादलात, तेव्हा मी चहा घेऊन मागेच उभी होते. टोमणा पाखरांना नव्हता, एवढं मला कळतं.

मी देवळालीला केतकीकडे चालले आहे. तिला सातवा लागलाय. परवा येईन. आमटी फ्रिजमध्ये आहे, भात तेवढा लावा.

उद्या उजाडताच भोरड्यांना ज्वारी टाका, निळ्या डब्यात आहे. फरसाण नको, ते तुम्हीच निम्मं खाता. निफाडहून आलेली द्राक्षं मऊ पडलीत, ती कुंपणाच्या भिंतीवर ठेवा, केतकी ठेवायची तिथेच. शाळेत जाण्याआधी ती तिथे खिळ्याने रेघा ओढून त्यांची हजेरी मांडायची. भिंत खराब केली म्हणून तुम्ही ओरडायचात, आणि संध्याकाळी स्वतःच रेघा मोजायचात.

दिवाळीत भिंत रंगवली, तेवढाच तुकडा राहिला. रंग संपला म्हणालात. जिन्याखाली अर्धा डबा आहे, मी पाहिलाय.

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायला हवं. पण मी बोलावून ती येणार नाही. तिच्या लग्नाच्या दिवशी 'या घरात पुन्हा पाऊल टाकू नकोस' असं तुम्ही म्हणाला होतात, म्हणून फोनही तुम्हीच करायला हवा. तुमचं चुकलं, अहो. आणि मी शेजारी उभी राहून गप्प बसले, माझंही चुकलं.

सुवर्णा