पावडरीचा गुण

जेसल पार्क, भाईंदर (पूर्व)
ता. ६ मार्च २००५

ती. महिपतदादास,
दुर्गाचा शि. सा. न. वि. वि.

आमच्याकडे सध्या एका डब्याचं राज्य आहे. यांचं पोट, साखर, चरबी आणि प्रेशर ही सगळी एकाच आजाराची भावंडं आहेत, असं डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून वरच्या मजल्यावरच्या हंसाबेन मागे लागल्या होत्या. शेवटी त्यांनी अमिनो ॲसिडची पावडर यांच्या गळ्यात मारलीच. ॲसिडने मी मोरी धुते, ते पोटात कसं घालायचं? आमच्या मिनलने डब्यावरचं इंग्रजी वाचून सांगितलं की हा प्रोटीनचाच भाग असतो, पण प्रेशरबद्दल त्यावर अवाक्षर नाही. यांनी तर प्रेशरच्या गोळ्याच टाकून दिल्या.

परवा मोजलं, तर एकशे सत्तरवरून एकशे तीस. हे खुशीत आहेत. माझा त्या डब्यावर काडीचा विश्वास नाही. अंबिकावहिनीला नमस्कार. लोभ आहेच, तो राहू दे.

तुझी,
दुर्गा

राजापूर
ता. २९ मार्च २००५

चि. दुर्गास,
अनेक आशीर्वाद.

लहानपणी तू एसटीच्या तिकिटावरचे पैसेही दोनदा वाचायचीस, ती खोड काही गेली नाही. अगं, उतरलेला आकडा तूच लिहिलास ना? शिमग्याला गावी आलेल्या शेजारच्या जितेशबरोबर तुझ्या गुणवंतरावांनी मलाही एक डबा धाडला. सोबत चिठ्ठी, की मी स्वतः अनुभव घेतलाय, बिनघोर घ्या. दहा दिवस घेतोय, माझ्या प्रेशरच्या गोळ्या बंद. तुझी वहिनी कुरकुरते. सकाळी डोकं जड होतं, वाकलं की अंधारी येते, पण गुण यायला वेळ लागायचाच. मिनलला आशीर्वाद.

तुझा,
दादा

जेसल पार्क, भाईंदर (पूर्व)
ता. २ एप्रिल २००५

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आत्ताच वाचलं. तुमच्या वाण्याकडे फोन करून निरोप ठेवलाय, की आजच डॉक्टरांकडे जा आणि गोळ्या सुरू कर. खरं कारण मात्र त्या दुकानात चारचौघांत सांगवेना.

यांचं प्रेशर पावडरीने उतरलेलं नाही. यांनी गोळ्या टाकल्या, त्या दिवसापासून डॉक्टरांनी दिलेलीच गोळी मी गुपचूप आणून, कुटून सकाळच्या नाचणीच्या आंबिलीत घालतेय. भांडून हे ऐकणारे नव्हते. आकडा उतरला तेव्हा वाटलं, श्रेय डब्याला जाईना का, माणूस तर शाबूत आहे. पण तुला लिहायला हवं होतं. चुकले मी, दादा. मला फार भीती वाटतेय.

हे आणखी कुणाला डबा धाडतील, म्हणून आज यांनाही सांगून टाकलं. ओरडले नाहीत. स्वतः जाऊन नवं पाकीट आणलं आणि माझ्यासमोर गोळी घेतली. मग मी चहा दिला, तर कप माझ्याकडे सरकवून आधी मला एक घोट प्यायला लावला. मी प्याले.

डॉक्टर काय म्हणाले ते दोन ओळींत कळव. तू तरी माझ्यावरचा लोभ कमी करू नकोस.

तुझी,
दुर्गा