डावखुरी गिटार

नेत्रा,

तू मला ब्लॉक केलंयस, म्हणून कागदावर लिहितोय. पाठवणार नाहीच.

आज कृणालदादा तुझ्या भाचीला घेऊन आमच्या मुलुंडच्या वाद्यांच्या दुकानात आला. ओवीचा सोमवारपासून गिटारचा क्लास आहे. मला काउंटरवर बघून म्हणाला, "कॉलेज सोडून हे करतोस?" मी हसून गिटार दाखवायला घेतल्या, शपथ!

ओवीने गिटार उलटी धरून डाव्या हाताने तारा छेडल्या. दादा खेकसला, "सरळ धर गं!" मग माझी सटकली. "डावखुरी आहे ती, तुमच्या बहिणीसारखी. धरू दे ना!" सगळं दुकान बघत राहिलं. ओवी खुदकन हसली. "आत्यापण बाबावर अश्शीच ओरडते."

तिच्या मापाची लहान गिटार काढली आणि डाव्या हातासाठी नव्या तारा उलट्या क्रमाने चढवल्या. नव्या तारांचा सूर आठवडाभर सारखा उतरतो. मोबाईलवर बघून घरीही सूर लावता येतो, पण ते मी सांगितलंच नाही. म्हटलं, "शनिवारी इथे आणा, मी लावून देतो."

शनिवारी दादा ड्युटीवर असतो, हे मी विसरलेलो नाही.

ओवीला तूच घेऊन ये ना गं.

तू नाही म्हणालीस तरी तुझाच,
प्रज्योत