ढाण्याचा खुराक

बीड,
५ ऑगस्ट २०२४

चि. विजयसिंह यास, अ. उ. आ.

फोनवर बोलले की तू स्पीकर चालू करतोस आणि बैठकीतली माणसं हसतात, म्हणून हे पत्र लिहावं लागतंय. एकट्यानं वाच.

काल उमापूरला येऊन तुझं ग्रेट डेनचं पिल्लू पाहिलं. तू घरी नव्हतास, म्हाळू त्याला भरवत होता. तीन महिन्यांच्या पिल्लापुढे दोन लिटर दूध, सहा अंडी, पिशवीतलं खाणं, आणि वरून म्हशी व्याल्यावर त्यांना पाजतात ते कॅल्शियम, दिवसाला अर्धी वाटी. हे कोणी सांगितलं, असं मी म्हाळूला विचारलं. तो म्हणाला, मालकांनी. म्हशीला चालतं तर ह्याला कावून न्हाई चालायचं, ह्याची हाडं तर रेडकावानी हायत.

कुत्रं म्हणजे रेडकू नव्हे. पिशवीतलं खाणं मोठ्या जातीच्या पिल्लांसाठीच आहे, त्यात कॅल्शियम बेतानं घातलेलं असतं. वरून दिलेलं जास्तीचं एवढ्या लहान पिल्लाला बाहेर टाकता येत नाही. हाडं वेडीवाकडी वाढतात. मी तीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं, तरी माझ्यावर विश्वास नको. आज सकाळी इथल्या जनावरांच्या डॉक्टरांनाही विचारून आले. ते म्हणाले, ताबडतोब बंद करा.

पिशवीतलंच खाणं दिवसातून तीनदा, मोजून. बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत. गुबगुबीत पिल्लू फोटोत शोभतं, पण ते वजन त्याच्या पायांवर पडतं. 

मनिषाला आशीर्वाद. माझ्याविषयी लोभ असेल तर तो कॅल्शियमचा कॅन आजच गोठ्यात परत ठेव.

तुझी अक्का,
प्रियदर्शनी

*

उमापूर,
११ ऑगस्ट २०२४

ती. अक्कांस, शि. सा. न. वि. वि.

पत्र एकट्यानं वाचलं. मनिषानं पाठीमागून वाचलं, त्याला माझा इलाज नव्हता. वाचून ती म्हणाली, अक्का अजून तास घेतात.

अक्का, बरगड्या लागणारं कुत्रं आपल्या दारात बांधलं तर लोक म्हणतील, ह्यांच्या घरातलं दूध आटलं. परवा गावातले अर्जुनराव मुद्दाम येऊन विचारून गेले की, घोडं कधी मोठं होणार. मी दर सोमवारी गेटच्या खांबावर खडूनं रेघ मारतो. तीन सोमवारांत ढाण्या चार बोटं वाढलाय. आपल्या आप्पांनी पैलवान पोसले, खुराकानं कोणी वाकडं झालेलं आम्ही तरी बघितलं नाही.

तरी तुमचा शब्द मोडत नाही. कॅल्शियम कालपासून बंद केलं. म्हाळू लई नाराज झाला. दूध आणि अंडी मात्र राहू द्या, घरचीच आहेत.

रागावता तेवढी मायाही ठेवा, ही विनंती.

आपला,
विजयसिंह

*

उमापूर,
२२ सप्टेंबर २०२४

ती. अक्कांस, शि. सा. न. वि. वि.

लिहायला जड जातंय, पण मनात ठेवून तरी काय करू. तुमचं ऐकून कॅल्शियम बंद केलं, आणि तीन आठवड्यांत ढाण्याचे पुढचे पाय मनगटापासून बाहेर वळले. चालताना बदकासारखा चालतो. अर्जुनराव चार माणसांत म्हणाले, घोडं तर लंगडं निघालं. माणसं हसली. मीही हसलो, काय करणार.

म्हाळूला विचारलं. तो म्हणाला, आमच्या वस्तीवर कडूबाईच्या नातीचे पाय असेच वाकले होते, तवा डाक्टरनं हाडाचंच औषध दिलतं; मालक, तुमी मधीच तोडलं म्हणून झालं हे. मला पटलं. दोन आठवड्यांपासून पुन्हा चालू केलंय, आता वाटीभर, सकाळ-संध्याकाळ. म्हाळू त्याचं डोकं मांडीवर घेऊन पाजतो. अजून फरक नाही. आणखी वाढवावं का, एवढं डॉक्टरांना विचारून कळवा.

तुम्हाला दोष देत नाही. पण तुम्ही बंद करायला लावलं नसतं तर बरं झालं असतं.

लोभ कमी करू नये.

आपला,
विजयसिंह

*

बीड,
२४ सप्टेंबर २०२४

चि. विजयसिंह यास, अ. उ. आ.

वाढवू नकोस. थेंबही देऊ नकोस. तुझं पत्र मिळाल्याबरोबर फोन केला, तो बंद आहे, म्हणून हे दुपारच्या गाडीनं पाठवतेय.

कॅल्शियम कमी पडलं तरी पाय वाकतात आणि जास्त झालं तरी वाकतात. वरून बघून फरक कळत नाही, तिथेच तुम्ही दोघं फसलात. त्या मुलीला कमी पडत होतं. ढाण्याला जास्त झालं होतं, आणि तुम्ही त्यावर चौपट ओतलंत. म्हाळूला बोलू नकोस, त्यानं जिवापाड केलं.

माझी चूकही लिहून ठेवते. बंद केल्यावरही काही दिवस पाय वाकत जातील, तेव्हा घाबरू नकोस, हे पहिल्या पत्रात लिहायला हवं होतं. मी हुकूम केला आणि मोकळी झाले.

त्याला शनिवारी सकाळी दहा वाजता बीडला आण. डॉक्टरांची वेळ घेतली आहे. ते म्हणाले, वाढीचं वय आहे तोवर काही करता येईल, नंतर नाही. सोबत माणसांची जत्रा आणू नकोस.

येशील, एवढं धरून चालते.

अक्का

*

उमापूर,
४ नोव्हेंबर २०२४

ती. अक्कांस, शि. सा. न. वि. वि.

तुमचे फोन उचलले नाहीत, त्याची माफी मागतो. पत्र मिळालं त्याच दिवशी औषध बंद केलं, पण तो शनिवार गेवराईच्या सभेत गेला. मग नवरात्र आलं, मग निवडणुकीची धावपळ. ढाण्या उठायचा बंद झाला तेव्हा, गेल्या आठवड्यात, एकटाच त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेलो. तुमच्या दारावरून गाडी नेली, पण थांबायची हिंमत झाली नाही.

डॉक्टरांनी एक्स-रे दाखवला. पायातलं एक हाड वाढायचं थांबलंय, दुसरं वाढत राहिलं. कोपरंही गेली. ऑपरेशननं आता काही साधणार नाही म्हणाले. महिन्याभरापूर्वी कावून आणलं नाही, असं त्यांनी विचारलं. मी सभेचं सांगितलं नाही. कायमच्या झोपेचं इंजेक्शन द्यायचं का, हेही विचारलं. मी दुखण्याच्या गोळ्या घेतल्या आणि त्याला परत आणला.

बैठकीतले म्हणतात, कपिलधारला सोडून द्या, दर्शनाला येणारे काहीतरी टाकतील. मलाही तेच बरं वाटायला लागलंय. तो दारात दिसला की घास उतरत नाही. मनिषा माझ्याशी बोलत नाही.

लोभ ठेवा असं कोणत्या तोंडानं लिहू.

विजयसिंह

*

बीड,
६ नोव्हेंबर २०२४

चि. विजयसिंह यास, आशीर्वाद.

कपिलधारला सोडायचं नाही. ज्याला उठता येत नाही त्याला तिथली कुत्री एक रात्र जगू देणार नाहीत. हे तुला कळतं, म्हणूनच तू मला लिहिलंस.

रविवारी मी गाडी घेऊन येते. तो बरा होईल अशी आशा मला नाही, तूही धरू नकोस. गोळ्यांनी दुखणं आवरतंय तोवर माझ्या ओसरीत राहील. आवरेनासं झालं की डॉक्टरांना घरी बोलावीन आणि शेजारी बसेन. तुला बोलावणार नाही.

तुझ्याकडून एकच हवं. ढाण्याला तू स्वतः बाहेर येऊन माझ्या हवाली कर. म्हाळूच्या हातून नको.

तुझ्यावरची माया कमी करता आली असती तर गेल्या महिन्याभरात केली असती.

अक्का

*

उमापूर, रविवार, १० नोव्हेंबर २०२४

आज ताब्यात मिळालं ते खालीलप्रमाणे.

ग्रेट डेन कुत्रा एक, नर, नाव ढाण्या. वय सहा महिने, वजन त्रेचाळीस किलो. चौघांनी सतरंजीत घालून गाडीत ठेवला. उभा राहत नाही. हाक मारली की शेपटी हलवतो.

लसीचं कार्ड एक. एक्स-रे दोन. दुखण्याच्या गोळ्या अकरा.

घोंगडी एक, म्हाळूची स्वतःची. परत नको, असं त्यानं सांगितलं.

घेणार: प्रियदर्शनी.

देणार: विजयसिंह घरात होता, बाहेर आला नाही. त्याच्या जागी म्हाळूनं अंगठा दिला.