संभाचं तोंड घराकडं

२ डिसेंबर ९६, भिगवण
सकाळी दगडू दुकानी आला. त्याचा संभा धरणाच्या पाण्यात गेला त्याला तीन महिने झाले. नाव सापडली, जाळं सापडलं. पोरगा न्हाय. अमावास्येला दर्भाचा पुतळा करून अग्नी द्यायचा म्हणतो. संभाची आई हिराबाई ऐकंना. "माझा पोहणारा हाय, यील." रोज सांजच्याला सुनेला त्याचा डबा देऊन काठावर धाडते.
"तात्या, संभा पल्याड गेल्याचं एखादं चित्र काढा. बघून तरी तिचं मन मानंल."
मी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर मोर काढणारा माणूस! पण नाही म्हणवलं नाही.

३ डि.
बारामतीच्या ड्रॉइंग मास्तरांनी दिलेलं जर्मन चित्र ट्रंकेतून काढलं. शंभरेक वर्षांमागचं. गोष्ट त्याहून जुनी, ग्रीकांची. मेलेल्याला नावाडी पल्याड नेतो. काळं पाणी, खडकाचं बेट, नावेत पांढऱ्या कापडात उभा एकजण, पाठमोरा. आपली वैतरणीच की.
पाणी उजनीचं घेतलं, झाडं बाभळीची. पांढऱ्या कापडात संभा. पाठमोरा मात्र काढवेना. आईला लेकराची पाठ कशी दाखवायची? तोंड आपल्याकडं केलं.

६ डि.
दाखवलं. हिराबाई पदर तोंडात धरून बघत बसली. मग एकदम हसली.
"आवो, तोंड हिकडं हाय त्याचं! घरला निघालाय."
दगडू ओरडला, "अगं, नाव तिकडं चाललीया!"
"नावाडी चुकला आसंल. तात्या, तेवढी नाव वळवा."
माझ्या मायेनं घात केला. आता पुतळ्याचं नावसुद्धा काढू देत न्हाय.

८ डि.
सून, सुमन, एकटीच आली. कपाळाला कुंकू.
"डबा मीच खाते, तात्या. काठावर बसून. रिकामा बघितला की आईंना बरं वाटतं."
मी तिला बसायला स्टूल दिलं.
"नाव वळवू नका. वळवली तर जलमभर डबा न्हेत ऱ्हाईन मी."
"मग पाठ करू का त्याची?"
तिनं चित्रातल्या तोंडाजवळ बोट नेलं. "करा... न्हाय, तोंड ऱ्हाऊ द्या. आईंना तेवढं तरी."
तुझी सुटका अन् तिचा दिलासा, दोन्ही कसं जमायचं, पोरी.

९ डि.
उद्या अमावास्या. दगडूनं दर्भ आणून ठेवलाय; तोंड राहिलं तर हिराबाई अग्नी देऊ देणार न्हाय. पाठ करायची म्हणजे तोंडावर काळे केस ओढायचे. मन घट्ट केलं, ब्रश टेकवला. एक डोळा बुजला तेवढ्यात हिराबाई दारात. माझ्यासाठी भाकरी घेऊन.
"वळवली का?"
"न्हाय अजून."
उरलेल्या डोळ्याकडं बघत म्हणाली, "वळवा निवांत. मी बसते."
बसलीय. ब्रश वाळत चाललाय, मी हे लिहितोय...